ठकूबाईसाठी मोतबर माणूस

मी बीडच्या कचेरीसमोर अर्जनवीस होतो. हा शब्द आता फारसा कानावर येत नाही, म्हणून आधी सांगून टाकतो. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले आणि आमच्या मुलखातली बहुतेक माणसं मराठी बोलत. ज्याला सरकारशी काही बोलायचं असेल त्याचं म्हणणं ऐकायचं, ते उर्दूत उतरवायचं, त्याला परत समजावून सांगायचं आणि खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, हा माझा धंदा. पुढे राज्य गेलं, कचेऱ्यांतून उर्दू गेली, आणि मीही कचेरीसमोरची चटई उचलली. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा, असा निरोप आला तेव्हा थोडा गोंधळलो. सगळा जन्म दुसऱ्याच्या तोंडचं लिहिण्यात गेला. स्वतःच्या तोंडचं लिहायचं म्हटलं की हात अडतो.

लोकांना वाटे, अर्जनवीस म्हणजे अक्षर चांगलं असलेला माणूस. जमिनीच्या तंट्यात ते खरंही असेल. पण नोकरीच्या अर्जात अक्षराला कोणी विचारत नाही. तिथे सगळा भार शेवटच्या दोन ओळींवर असतो. उमेदवाराचं काम आणि चालचलणूक ठाऊक असलेल्या दोन मोतबर माणसांची नावं त्या ओळींत द्यावी लागत. मोतबर म्हणजे ज्याच्या शब्दाला सरकारदरबारी वजन आहे असा माणूस. साहेब वाटलं तर त्याला पत्र पाठवून विचारी, नाहीतर समोर बोलावून घेई.

इथेच माणसं चुकत. जितकं मोठं नाव तितकी नोकरी पक्की, असा सगळ्यांचा समज. दिंद्रुडकडचा एक उमेदवार कोर्टातल्या चपराशाच्या जागेसाठी एका जहागीरदाराची मोहोर असलेली शिफारस घेऊन आला होता. कारभाऱ्याच्या हातापाया पडून त्याने ती मिळवली होती. मी म्हटलं, "जहागीरदार तुला ओळखतात का?" तो म्हणाला, "वळखत्यात की. एकदा त्यांच्या घोड्याला पाणी दिलतं." पुढे मुन्सिफसाहेबांची आणि जहागीरदारांची कुठल्याशा लग्नात गाठ पडली. साहेबांनी सहज विचारलं, तुमचा तो माणूस कसा आहे? जहागीरदार म्हणाले, कोणता माणूस? तेवढ्या एका प्रश्नात त्याची जागा गेली.

तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारी. तुला काम करताना कोणी पाहिलंय? बहुतेक जण यावर गप्प होत. मग मी सांगे, तो माणूस शोध. त्याच्याकडे जा, तुझं नाव देऊ का म्हणून विचार. तो अडखळला तर नाव देऊ नकोस, कारण अडखळत केलेली स्तुती निंदेपेक्षा वाईट पडते. आणि तो हो म्हणाला तर त्याच्याजवळ बस, कोणतं काम कधी केलं होतं त्याची त्याला आठवण दे, कारण चांगल्या माणसालाही दुसऱ्याचं चांगलं काम फार दिवस आठवत नाही.

या सगळ्या शिकवणीला धरून वागलेले पुष्कळ भेटले. ज्या बाईने मला या शिकवणीच्या पुढचं काही दाखवलं, तिची हकीकत सांगतो.

इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेल्यावर काही वर्षांनी आमच्या सरकारी दवाखान्यात बायकांसाठी वेगळी खोली उघडली. हैदराबादहून एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या हाताखाली एका दाईची जागा निघाली. जाहिरात कचेरीच्या भिंतीवर लागली आणि आठवडाभरात ठकूबाई माझ्यासमोर येऊन बसली.

ठकूबाई नेकनूरची धनगरीण. उंच, काटक, चाळिशी उलटलेली, कपाळ मोकळं. नवरा साथीत गेलेला. दिराच्या मेंढरांमागे ती हिंडत होती. तिच्या बोलण्यात घाई नव्हती. ती म्हणाली, "मुन्शीजी, दवाखान्यात दाई पायजे म्हनं. माझा अर्ज करा."

"तू दाईपण केलंयस का?"

"लई केलं. आदी मेंढरांचं करत होते. अडलेलं कोकरू हात घालून फिरवायचं, वढायचं. सासूनं बघितलं आन मला बायांकडं न्यायला लागली. नेकनूरच्या निम्म्या लेकरांची नाळ मी कापली हाय."

"मग आता मेंढरांमागे का?"

"आता मला कुनी बोलवत न्हाई," ती म्हणाली. "माधवराव मालकाची गोदू माझ्या हाताखाली गेली. लेकरू बी गेलं. दोन वरसं झाली. तवापासून न्हाई बोलवत."

माधवराव हे नाव मला ठाऊक होतं. नेकनूरचे मोठे जमीनदार. तहसीलदार दौऱ्यावर गेले की त्यांच्याकडे उतरत. खुद्द अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य हाकीम, त्यांना आपल्या शेजारी बसवत. त्यांची थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली असताना गेली, हे बीडपर्यंत कळलं होतं. दाईने शेवटपर्यंत काही सांगितलं नाही आणि मग हात वर केले, असं लोक म्हणत. ती दाई माझ्यासमोर बसली होती.

मी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "मोतबर म्हणून कोणाची नावं द्यायची?"

"एक खतीबसाहेब. त्यांच्या घरची समदी लेकरं माझ्याच हातची. ते हो म्हनलेत."

खतीबसाहेब म्हणजे गावच्या मशिदीत जुम्म्याचं प्रवचन करणारे. नाव उत्तम होतं. "आणि दुसरं?"

"माधवराव मालक."

मी तिला समजावू लागलो. ज्या घरात मरण झालं त्या घराची शिफारस कोणी मागत नाही. पटवाऱ्याच्या घरी तुझ्या हातून चांगलं झालंय, त्याचं नाव देऊ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पटवारी चांगलंच लिवंल. पर डॉक्टरीनबाई नेकनूरला कुनालाबी इचारतील तर काय कळंल? ठकीनं मालकाची लेक मारली, हेच कळंल. मंग पटवाऱ्याचा कागद काय कामाचा? जे समद्यांना ठावं हाय ते माझ्या कागदात कावून नसावं?"

लपवता येणार नाही ते आपल्याच माणसाच्या तोंडून आधी बाहेर पडलेलं बरं, हे मीही लोकांना सांगत असे. पण ते लहानसहान गोष्टींपुरतं. कुठे दारूचा एखादा दंड, कुठे मालकाशी झालेलं भांडण. मरणाला तोच नियम लावायचं धैर्य मला झालं नसतं.

"पण ते तुझ्याविषयी चांगलं सांगतील का?"

"चांगलं कुठं मागते मी," ती म्हणाली. "खरं सांगावं."

सहसा मी उमेदवाराबरोबर कोणाच्या दारी जात नसे. या वेळी गेलो, कारण ठकूबाईला एकटीला मालकांच्या ढेलजेच्या आत कोणी घेतलं नसतं. बाजाराच्या दिवशी एका व्यापाऱ्याची बैलगाडी नेकनूरला निघाली होती, तिच्यात बसलो. मांजरसुंब्याचा घाट चढण्याआधी कपिलधारची वाट फुटते, तिथे गाडीवानाने बैलांना पाणी पाजलं. ठकूबाई खाली उतरून उभी राहिली. मी विचारलं, "दवाखान्यातली नोकरी कशाला हवी तुला? मेंढरं आहेत, दीर आहे."

ती म्हणाली, "गोदूचं लेकरू आडवं हुतं. कोकरू आडवं असलं की मला फिरवता येतं. तिचं न्हाई फिरलं. माझा हात जिथं थांबला त्याच्या म्होरं काय करत्यात, ते मला बघायचंय. डॉक्टरीनबाईला ते येत असंल."

नेकनूरला पोचलो तेव्हा माधवराव ओसरीवर बसले होते. पन्नाशीचे, भरदार, डोक्याला पांढरा पटका. माझं स्वागत त्यांनी रीतीप्रमाणे केलं, बसायला घोंगडी दिली, पाणी मागवलं. मग ओसरीच्या पायरीखाली उभी असलेली ठकूबाई त्यांना दिसली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तू कावून आलीस?"

"मालक, तुमचा शब्द पायजे," ती म्हणाली.

मी मध्ये पडून सगळं सांगितलं. दवाखान्यातली जागा, अर्ज, मोतबर माणसं, आणि त्यांना काय विचारलं जाईल ते. माधवराव ऐकत होते, पण त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"माझी लेक हिच्या हाताखाली गेली," ते म्हणाले. "हे तुमाला ठावं हाय न्हवं, मुन्शीजी?"

"आहे. तिनेच सांगितलं."

"आन तरी तुमी हिला घिऊन माझ्या दारात आलात."

ठकूबाई म्हणाली, "मालक, बाकीच्यांनी माझं चांगल्या येळंचं काम बघितलं. तुमच्या घरात वाईट येळंचं बघितलं. मी काय केलं आन काय न्हाई, तेवढं सांगा."

"मी काय सांगू? मी दाराबाहेर हुतो. आत काय झालं ते मला ठावं न्हाई."

"आत मी हुते."

आवाज माजघराच्या दाराआडून आला होता. मालकीणबाई परक्या माणसासमोर येत नसत. आताही त्या बाहेर आल्या नाहीत. दाराच्या फटीत लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. माधवरावांनी मान वळवली.

"मुन्शीजींना सांगते, तुमी बी ऐका," त्या म्हणाल्या. "गोदूला कळा लागल्या त्या दिशी दुपारीच ठकीनं मला बाजूला घेतलं. म्हनली, आईसाब, लेकरू आडवं हाय, माझ्यानं हुनार न्हाई, गाडी जुंपायला सांगा, बीडला न्या. मी बाहेर आले, तुमाला म्हनलं गाडी जुंपा."

"तू म्हनलीस," माधवराव म्हणाले.

"मी म्हनले, कारण ठकी म्हनली हुती. तुमी म्हनलात, तिथं डॉक्टर पुरुष हाय, माझी लेक मी त्याच्यापुढं टाकनार न्हाई. मी आत गेले. ठकीनं पुना मला बाहेर धाडलं. तवा तुमी म्हनलात, बायकांना धीर नसतो. मंग ती सवता तुमच्याकडं येनार हुती, मी येऊ दिलं न्हाई. मालक चिडतील म्हनून. रातच्या तिसऱ्या पारी ती गोदूच्या पायाशी बसून रडली. पर हात थांबवला न्हाई तिनं."

बाजारातून बैलांचे आवाज येत होते. शेवटी माधवराव म्हणाले, "मला वाटलं तू घाबरून म्हनतीस. दाई काय म्हनली ते तू मला कदी सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाईत," दाराआडून उत्तर आलं. "आन मंग गावानं ठकीचं नाव घेतलं. मी बोलले असते तर तुमचं नाव निघालं असतं. म्हनून गप बसले. दोन वरसं मी ही गोष्ट घिऊन झोपते."

माधवराव ठकूबाईला म्हणाले, "तू बी कुनाला बोलली न्हाईस."

"लेक गेलेल्या बापाला काय बोलायचं, मालक?"

ते उठले. मला वाटलं, आता दौत मागवतील. पण ते म्हणाले, "मुन्शीजी, तुमी आता जा." आणि आत निघून गेले. माजघराचं दार बंद झालं.

परतीच्या वाटेवर मी ठकूबाईला म्हटलं, पटवाऱ्याचं नाव अजून घालता येईल. अर्जाची मुदत संपायला थोडेच दिवस होते. तिने मान हलवली. "वाट बघू," ती म्हणाली. बीडमध्ये तिच्या मावसबहिणीचं घर होतं, तिथे ती राहिली. रोज दुपारी कचेरीच्या आवारात येऊन मला दिसेल अशी बसे आणि उन्हं उतरली की जाई. मी काही विचारत नसे. मनातल्या मनात मात्र मी पटवाऱ्याच्या शिफारशीचा मसुदा करून ठेवला होता.

मुदतीचा शेवट जवळ आला तेव्हा एका सकाळी माधवराव आले. कचेरीत सरळ आत जाऊन खुर्चीवर बसणारा तो माणूस जोडे काढून माझ्या चटईवर बसला. आजूबाजूचे अर्जनवीस बघतच राहिले. ते म्हणाले, "लिहा."

मी त्यांना त्रास होऊ नये म्हणून माझ्या परीने मऊ मसुदा सुचवला. ठकूबाई सचोटीची आहे, कामात निष्णात आहे, आमच्या घराण्यात तिच्या कामाचा अनुभव आहे, अशी चार वाक्यं. उर्दूत ती फार देखणी होतात. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"गोदू गेली ते लिहा. दाईनं गाडी मागितली हुती ते लिहा. न्हाई कुनी म्हनलं ते बी लिहा."

"मालक, हा कागद दवाखान्यातून तालुकदारांच्या कचेरीत जाईल. तिथे सगळे तुम्हाला ओळखतात."

"म्हनूनच तर माझा शब्द मागितला तिनं."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी 'घरच्या माणसांनी नकार दिला' असं लिहिलं होतं, ते त्यांनी बदलून 'मी नकार दिला' असं करायला लावलं. सही केली, मोहोर उठवली. ठकूबाई थोड्या अंतरावर उभी होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "आन डॉक्टरीनबाई मला बोलवतील तवा येईन म्हनून लिहा खाली."

डॉक्टरीणबाईंनी खरंच बोलावलं. त्यांना मराठी समजे, पण बोलता फारसं येत नसे, म्हणून मलाही आत घेतलं. खोलीत एक मेज, औषधांचं कपाट आणि काचेच्या बरणीत उकळलेली हत्यारं. ठकूबाई भिंतीशी उभी होती. डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील, चेहरा थकलेला. त्यांनी कागद पुन्हा एकदा सावकाश वाचला आणि माधवरावांना विचारलं, "आप ख़ुद अंदर थे?"

"न्हाई. मी दाराबाहेर हुतो. आतलं सांगनारी माझी मंडळी."

मग त्यांचं नाव कागदावर का नाही, असं बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं की जाहिरातीत मोतबर असं म्हटलंय, आणि त्याचा अर्थ कचेरीत पुरुष असाच धरतात. बाईचा अंगठा अशा कागदावर चालत नाही. माझ्या धंद्याची हीच रीत होती आणि ती सांगताना मला तेव्हा काही वाटलं नाही. आज वाटतं. जिने सगळं पाहिलं तिच्या जागी, दाराबाहेर उभ्या असलेल्याची सही मी किती अर्जांवर घेतली असेल, हे आठवून वाईट वाटतं.

डॉक्टरीणबाईंनी टाक उचलला. "उनका नाम बताइए."

माधवराव अडखळले. त्या काळी नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसे, तेही परक्या बाईसमोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते नाव माहीत नव्हतं. मग ते खाली बघत म्हणाले, "भागीरथीबाई."

बाईंनी कागदाच्या कडेला ते नाव लिहिलं. मग ठकूबाईकडे वळून विचारलं, की तुला मूल फिरवता येतं ना, मग ते का नाही फिरलं? मी मराठीत सांगितलं. ठकूबाई म्हणाली, "लई येळ झाला हुता. पानी गेलं हुतं. जोर केला असता तर आतच फाटलं असतं. मला तेवढं कळत हुतं. त्याच्या म्होरचं मला येत न्हाई, बाईसाब. येत न्हाई म्हनूनच आले."

डॉक्टरीणबाईंनी माधवरावांना शेवटचा प्रश्न विचारला. पुढे आयुष्यभर मी प्रत्येक शिफारस करणाऱ्याला तोच आधी विचारून ठेवत आलो. तुमच्या घरी पुन्हा गरज पडली तर हिलाच बोलवाल का?

"माझी धाकटी लेक कमळा दिंद्रुडला दिली हाय," माधवराव म्हणाले. "तिला दिवस गेलेत. बाळंतपनाला माहेरी येईल. मी तिला नेकनूरला ठेवनार न्हाई, हितं आननार. तुमच्याकडं आन हिच्याकडं."

मी ते उर्दूत सांगायला तोंड उघडलं, पण बाईंना कळलं होतं. त्यांनी कागद मिटून बाजूला ठेवला.

ठकूबाईला जागा मिळाली. पहिले काही महिने कच्ची, मग पक्की. तिला मी रस्त्यात पाही तेव्हा तिचं लुगडं स्वच्छ असे आणि हातांना औषधाचा वास येई. ती डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काय शिकली ते मला सांगता येणार नाही, तो माझा विषय नव्हे.

पावसाळा संपता संपता माधवराव कमळाला घेऊन बीडला आले. बोलल्याप्रमाणे, आणि वेळेच्या बरेच आधी. गावात एक खोली घेऊन ते मालकीणबाईंसह राहिले. कमळाला कळा लागल्या त्या सकाळी त्यांचा गडी मला बोलवायला आला. मला का बोलावलं ते मी विचारलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांच्याजवळ बसलो. भागीरथीबाई आत होत्या.

दुपार झाली. ठकूबाई बाहेर आली आणि थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मालक, हिचं बी लेकरू आडवं हाय," तिने सांगितलं. "डॉक्टरीनबाई म्हनत्यात, दोगांना वाचवायचं बघू. एकच वाचलं तर लेक वाचवू. तुमी हो म्हना."

माधवरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "लेक वाचवा." आणि मग, ती आत वळत असताना, "काय झालं ते मला येऊन सांगत जा."

ती सांगत गेली. थोड्या थोड्या वेळाने दारात येई, दोन वाक्यं बोले, परत आत जाई. हात घालून फिरवायचा प्रयत्न चाललाय. फिरत नाही. बाई आता हत्यार घेतायत. तिने काहीही गोड करून सांगितलं नाही. माधवराव प्रत्येक वेळी मान हलवत. उन्हं कलली तेव्हा ती शेवटची आली, भिंतीला हात टेकला आणि म्हणाली, "कमळा हाय. लेकरू न्हाई, मालक. पोरगा हुता."

माधवराव उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. पटका काढून त्यांनी मांडीवर ठेवला. बराच वेळ रडले. आवाज न करता. ठकूबाई तिथेच उभी राहिली. मग त्यांनी विचारलं, "तिला बघू का?" ती त्यांना आत घेऊन गेली.

मी घरी आलो, पण मन स्वस्थ नव्हतं. त्या घरातलं दुसरं लेकरू ठकूबाईच्या हजेरीत गेलं होतं. नेकनूरपर्यंत ही बातमी कशी पोचेल आणि पोचताना तिचं काय होईल, ते मला कळत होतं. नोकरी राहील, पण तिच्या गावची एकही बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं मला वाटत होतं.

पुढच्या महिन्यात एका पंचनाम्याच्या कामाने मी नेकनूरच्या बाजारात होतो. जनावरांच्या बाजाराच्या कडेला, लिंबाखाली माणसं बसली होती, त्यांत माधवरावही होते. बोलता बोलता एक सावकार म्हणाला, "मालक, त्या धनगरनीच्या हाताला यशच न्हाई. तुमच्या घरात आता दुसऱ्यांदा झालं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. माधवराव शांतपणे म्हणाले, "पोरगं आडवं हुतं. पहिलीचं बी आडवंच हुतं. पहिल्या येळंला ठकूबाईनं गाडी मागितली आन मी दिली न्हाई. लेक गेली. या येळंला मी येळंवर नेली, लेक माझ्या घरात हाय. ठकूबाई दोनी येळंला एकसारखीच वागली. बदललो तो मी." मग त्या सावकाराकडे बघून म्हणाले, "तुमच्या सुनंला कितवा लागलाय? येळंवर न्या."

सावकाराने पानाची चंची उघडली आणि मिटली. पुढे त्याची सून बीडला आली, हे मला दवाखान्यातून कळलं. तिच्यानंतर नेकनूरच्या आणखी बाया येऊ लागल्या. माझ्या हातून तेवढ्या वर्षांत खंडीभर शिफारशी लिहून झाल्या असतील, पण लिंबाखालच्या त्या चार वाक्यांनी जे केलं ते त्यांतल्या एकीनेही केलं नाही. आणि त्या वाक्यांसाठी माझी गरजही लागली नव्हती.

बीडला परतल्यावर मी मुद्दाम दवाखान्यात गेलो. ठकूबाई मागच्या विहिरीवर चादरी धूत होती. मी तिला बाजारात घडलेलं सगळं सांगितलं, मालक काय म्हणाले ते शब्दाला शब्द. तिने पिळलेली चादर दगडावर ठेवली आणि ऐकून घेतलं. मला वाटलं, तिचे डोळे भरतील, निदान ती काही बोलेल.

"कमळी हिंडती-फिरती झाली का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, झाली. बाजार उठल्यावर माझ्यादेखत सासरची गाडी तिला न्यायला आली होती. आपल्या पायांनी चालत जाऊन गाडीत बसली.

"मंग बरं झालं," ठकूबाई म्हणाली, आणि पुढची चादर पाण्यात टाकली.